सही कोणाची धरायची?

प्रति,
मा. अध्यक्ष,
रायगड जिल्हा विधी सेवा प्राधिकरण,
अलिबाग

रोहा, डिसेंबर २०२५



मी रोह्याची. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. आपण जिल्ह्याचे प्रमुख न्यायाधीशही आहात, म्हणून आधीच सांगते : आमचा कोणताही दावा आज कुठल्याही न्यायालयात नाही. पुढे केलाच, तर त्याचं काय ते आमचे वकील बघतील. न्यायाधीशांना खटल्याबद्दल पत्र लिहू नये, एवढं मला कळतं. हे पत्र लोकअदालत भरवणाऱ्या प्राधिकरणाच्या अध्यक्षांना आहे. आणि उघड लिहिते आहे, कारण यातला अर्धा मजकूर पेण-रोह्याच्या घरांसाठी आहे.

माझा धाकटा भाऊ पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. पेणबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. साच्यातून मूर्ती काढायला, ती घासायला, अंगाचा रंग मारायला दहा हात असतात. डोळ्यांची आखणी मात्र एखाद-दोघांकडेच असते. मूर्ती बघत असल्यासारखी वाटली पाहिजे आणि दोन्ही डोळ्यांनी एकाच ठिकाणी बघितलं पाहिजे. पेणच्या गणपतीचं नाव आहे ते बरंचसं त्या डोळ्यांमुळे.

२०२२ साली पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी आली, २६ ऑक्टोबरला. भाऊ दुपारी माझ्याकडे आला, ओवाळून घेतलं, जेवला आणि अंधार पडल्यावर मोटरसायकलवरून पेणला निघाला. भिसे खिंड उतरून नागोठण्याला महामार्गाला लागला. हेल्मेट होतं, हँडलला अडकवलेलं. या महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा चौपदरी करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं होतं. अकरा वर्षांत पहिलीतलं पोर बारावीला जातं, रस्ता तेव्हाही डायव्हर्जनमध्येच होता. वडखळच्या अलीकडे अशाच एका वळणावर उलट्या बाजूने आलेल्या टेम्पोचा धक्का लागला आणि तो पडला.

टेम्पोवाला पळून गेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यानेच भावाला उचललं आणि जवळच्या एका दवाखान्यात नेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा भाऊ खाटेवर बसून चहा मागत होता. कपाळाला चार टाके, कोपर खरचटलेलं. दोनदा उलटी झाली होती. ‘जेवण जास्त झालं असेल,’ असं कोणीतरी म्हणालं. बहुतेक मीच म्हणाले असेन, बासुंदी माझ्याच घरची होती. रात्री अकराच्या सुमाराला टेम्पोचा मालक आला. हात जोडले, ड्रायव्हरला लहान मुलं आहेत म्हणाला, पंचवीस हजार रुपये ठेवले आणि वहीच्या कागदावर लिहून आणलेला मजकूर पुढे केला : माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. भावाने सही केली. त्याची सही म्हणजे चित्रच. त्या रात्रीही हुबेहूब तशीच आली, एक वेलांटी इकडची तिकडे नाही.

पहाटे तो उठेना. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती.

कवटीचं हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्तवाहिनी फुटली, की तिथे हळूहळू रक्त साठतं. तोवर माणूस बोलतो, चालतो, चहा मागतो. मग साठलेलं रक्त मेंदूला दाबू लागतं. मधले हे ‘बरे’ तास फसवे असतात. नंतर एका डॉक्टरांनी समजावलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यातली एकेक खूण आमच्या डोळ्यांसमोर होऊन गेली होती. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, एकच प्रश्न परत परत विचारणं, झोपेकडे ओढा. आणि आम्ही आपले ‘दमलाय, झोपू दे’ म्हणत पांघरूण घालत होतो. नाकातून-कानातून पाण्यासारखं येणं, आकडी, एका बाजूचा हात लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नसते. म्हाताऱ्या माणसांत तर रक्त इतकं सावकाश साठतं, की न्हाणीघरात पडल्यावर तीन-चार आठवड्यांनी बोलणं अडखळू लागतं आणि घरचे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांना हा धोका अधिक. डोक्याला मार लागलेल्या माणसाला घरी सोडताना एवढं लिहिलेली मराठी चिठ्ठी हातात दिली, तर तिला काय खर्च येतो?

नवी मुंबईत त्याचं ऑपरेशन झालं. कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला आणि काही महिन्यांनी परत बसवला. गावात अजून सगळ्यांत जास्त सांगितली जाते ती हीच गोष्ट.

आता दुसरी सही. तो शुद्धीवर आल्यावर, सुमारे तीन आठवड्यांनी, जबाब घ्यायला हवालदार आले. भल्या स्वभावाचे गृहस्थ होते. रुग्णालयाच्या कागदावर त्या दिवशीची नोंद होती : पूर्ण शुद्धीत, पंधरापैकी पंधरा. हे गुण कसे देतात, ते मी नंतर वाचलं. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ही मोजणी बसवली. डोळे उघडतो का, बोलतो कसा, हात-पाय हलवतो कसे, एवढ्याचे गुण. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पंधरा. बेशुद्धी किती खोल आहे हे पटकन कळावं म्हणून ती चांगलीच आहे. पण आयुष्यभर पेपर तपासले आहेत मी. पंधरापैकी पंधरा मिळवणाऱ्या पोराला काल काय शिकवलं ते आठवतंच, असं नाही.

हवालदारांनी विचारलं, कसा पडलात? भाऊ शांतपणे म्हणाला, खडी होती, घसरलो. टेम्पोचं नाव नाही. तो खोटं बोलत नव्हता आणि कोणाला वाचवतही नव्हता. अपघाताच्या आधीचा काही वेळ आणि नंतरचे कित्येक दिवस त्याच्या डोक्यात नोंदलेच गेलेले नाहीत. अशी पोकळी राहिली की मेंदू ती आपल्या परीने भरतो. आजूबाजूला ऐकलेलं, पूर्वी कधी घडलेलं घेऊन एक साधी, पटण्यासारखी हकिकत जुळवतो आणि माणसाला ती आपली आठवणच वाटते. महामार्गावर खडी होतीच, आणि त्यावरून तो पूर्वी एकदा घसरलाही होता. जबाबाखाली सही झाली. पुन्हा हुबेहूब.

महोदय, कायदा अपघाताचा प्रश्न ज्या अवयवाला विचारतो, नेमका तोच फुटलेला असतो. पाय मोडलेला माणूस काय घडलं ते सांगू शकतो. डोक्याला मार लागलेल्याचं तसं नाही. तरीही जबाबाचा कागद दोघांसाठी एकच, आणि खालची सहीची रेघही एकच. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचा पसारा.

त्या दोन सह्यांनी काय गेलं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. टेम्पोचा विमा होता. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे आणि भरपाई देते ती विमा कंपनी. आम्ही मात्र ड्रायव्हरच्या लेकरांकडे पाहून गप्प बसलो. ती दया दाखवली कंपनीवर, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. आपल्याकडे ‘मिटवून टाका’ या दोन शब्दांना केवढी प्रतिष्ठा आहे! मिटवणारा समंजस, आणि पोलिसांत जाणारा भांडकुदळ.

नियम वाचले तर चांगले आहेत. १ एप्रिल २०२२ पासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कामासाठी पोलिसांचे खास कक्ष स्थापन करायला सांगितलं. म्हणजे जखमी माणसाने वकील शोधत फिरण्याआधीच कागद न्यायाधिकरणाच्या दारात जायला हवा. पण हे सगळं उभं आहे पहिल्या नोंदीवर. तिथे ‘स्वतः घसरून’ असं आलं की पुढचं चाक फिरतच नाही.

मग मुदत. १९८८ च्या मूळ कायद्यात दाव्यासाठी सहा महिने होते. १९९४ मध्ये ती अट काढली, २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू केली. भाऊबीजेपासून सहा महिने मोजले तर एप्रिल २०२३ येतो. तेव्हा माझी वहिनी त्याला ‘आज वार कोणता’ हे दिवसातून आठ वेळा सांगत होती. जूनमध्ये आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी तारीख पाहिली आणि फाइल बंद केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिकांचा निकाल लागेपर्यंत केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत. ही बातमी मला वकील असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळली. नागोठणे, कोलाड, धाटाव, वडखळ इथल्या किती घरांत ‘मुदत गेली’ म्हणून कागद ट्रंकेत पडले असतील! त्यांना हे कोण सांगणार? ते काम आपल्या प्राधिकरणाचं आहे, असं मला वाटतं.

भाऊ घरी आला तेव्हा वहिनीने पेढे वाटले. हातपाय धड, चेहरा तोच. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणे, देव पावला. दोन महिन्यांनी ती एकदा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, ‘ताई, हे घरी आलेत, पण हे ते नाहीत.’

न चिडणारा माणूस भाताला मीठ कमी म्हणून ताट भिरकावतो. लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर रडतो. त्याचा वास गेला आहे. दूध करपलं तरी कळत नाही, शेगडी उघडी राहिली तरी कळत नाही. कपाळावर आपटलेल्यांच्या बाबतीत हे पुष्कळदा होतं, पण ते विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे आपल्यात काही बदललं आहे, हेच त्याला मान्य नाही. जिथे समजायचं तिथेच मार लागलेला, मग समजणार कसं?

कारखान्याच्या मालकांनी त्याला परत बसवलं. माणूस मोठ्या मनाचा. भावाने ब्रश घेतला आणि डोळा उतरवला, अगदी पहिल्यासारखा. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो दुसऱ्या डोळ्याकडे वळला, आणि तेवढ्यात पहिला कसा होता हे हातातून निसटलं. दुसरा डोळा थोडा वर गेला. पुसला, पुन्हा केला, आता पहिला चुकीचा वाटू लागला. अर्ध्या तासात त्याने ब्रश फेकला. आता तो मूर्ती घासतो.

हे शेकड्यात कसं मांडायचं? अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो तेव्हा हात वर करायला सांगितलं, चालायला सांगितलं. सगळं जमलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण मेंदूची दुखापत हे त्यात स्वतंत्र नाव नाही. अर्धांग असेल तर हालचालीच्या खाली, वाचा गेली तर वाचेच्या खाली, मन बिघडलं म्हणावं तर मानसिक आजाराच्या खाली. ज्याला यातलं कुठलंच धडपणे झालेलं नाही आणि सगळंच थोडं थोडं झालं आहे, तो कुठल्या रकान्यात बसणार?

न्यायालयं मात्र या बाबतीत पुष्कळ पुढे आहेत, हे मला नंतर वाचताना कळलं, आणि खरं सांगायचं तर आश्चर्य वाटलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की डॉक्टरांनी दिलेला टक्का आणि कमाईचा गेलेला टक्का एक नव्हेत. डावा हात गेला तर सुताराचा धंदाच बुडतो, कारकून खुर्चीवर टिकू शकतो. माणूस काय काम करत होता ते आधी पाहा, असं न्यायालयाने सांगितलं. आखणी करणाऱ्याची लक्ष धरून ठेवण्याची ताकद म्हणजे सुताराचा हातच. आणखी एक निकाल ५ फेब्रुवारी २०२० चा. २००७ मध्ये ट्रकच्या धडकेत जखमी झालेली बारा वर्षांची मुलगी, बुद्धीने नऊ महिन्यांच्या बाळाएवढी उरलेली. न्यायाधिकरणाने ११ लाखांच्या आसपास दिले, उच्च न्यायालयाने २५ लाखांवर नेले, सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार केले. रक्कम वाढली त्यात मोठा वाटा होता जन्मभर लागणाऱ्या सोबतिणींच्या पगाराचा. आमच्याकडे ही नोकरी वहिनी फुकट करते. तिने कोळंबी विकायचा धंदा सोडला, त्याचा हिशेब कोणीच मांडला नाही.

तेव्हा आपल्याकडे काय मागायचं आहे, ते सांगते.

लोकअदालतीत मोटार अपघाताचे दावे भराभर निकाली निघतात. चांगलंच आहे, वर्षानुवर्षं अलिबागच्या खेपा वाचतात. पण तिथला निवाडा शेवटचा, त्यावर अपील नाही. मोडलेलं हाड सहा महिन्यांत किती जुळेल ते कळतं. मेंदूचं नुकसान कामावर परत बसल्याखेरीज कळत नाही, आणि आकडी तर वर्ष-दोन वर्षांनीही सुरू होऊ शकते. म्हणून डोक्याच्या दुखापतीचा दावा तडजोडीला आला, तर आधी मानसशास्त्रीय तपासणी झाली आहे का, हे पॅनेलने विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्मरण, लक्ष, निर्णय, राग यांची मोजमापं आहेत, ती करणारे लोक मुंबईत आहेत. आणि सही घेताना त्या माणसालाच विचारावं, आपण काय सोडतो आहोत ते तुमच्या शब्दांत सांगा. अर्ध्या तासाने परत विचारावं. दोन उत्तरं जुळली नाहीत, तर त्या दिवशी सही नको. करार करणारा माणूस त्या घडीला समजून-उमजून वागण्याच्या स्थितीत असला पाहिजे, हे तर १८७२ पासूनच्या करार कायद्यात आहे. नवं काही मागत नाही.

दुसरं, आपले विधी स्वयंसेवक. शिबिरात ते येतात, पत्रकं वाटतात, चहा होतो. त्यांतला एक पेणच्या आणि एक रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात बसवा. अपघाताचा रुग्ण आला की त्याने घरच्यांना चार गोष्टी सांगायच्या. आज कशावरही सही करू नका. गाडीचा नंबर आणि विम्याचा कागद यांचा फोटो काढा. जबाब रुग्णाच्या एकट्याच्या आठवणीवर सोडू नका, पाहणारा कोण होता ते पोलिसांना सांगा. आणि मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, अपघातापासून सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता, त्याबद्दल रुग्णालयात विचारा. हेल्मेट नव्हतं म्हणून दावाच होत नाही, ही चहाच्या टपरीवरची कायदेपंडिताई आहे, तीही तिथेच खोडून काढता येईल. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे तर रुग्णालयाच्या भिंतीवर रंगवूनच ठेवा.

धाटावच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी एक वेगळी ओळ. रात्रपाळी सुटल्यावर पेंगत मोटरसायकल चालवणारी पोरं मी रोज पाहते. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने साखर कारखान्यावर पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत गेलेल्या आपल्याच राज्यातल्या एका पहारेकऱ्याच्या घरच्यांच्या बाजूने निकाल दिला. कामाशी धागा जुळत असेल, तर कामावर जाता-येता झालेला अपघातही कामावरचाच. हे कंत्राटदार सांगणार नाही.

तिसऱ्या सहीबद्दल थोडक्यात. गेल्या वर्षी भाऊ एका ओळखीच्या माणसाला कर्जाला जामीन राहिला. कुठे, ते लिहीत नाही. तिथल्या बाईंनी चौकशी केली, त्याने हसून नीट उत्तरं दिली, आधार कार्ड दाखवलं. सही जुळली. आत काय बिघडलं आहे ते समोरच्याला कसं कळावं? कोमात असलेल्याचं दुखणं निदान दिसतं, आणि त्याच्या नावावरचे पैसे काढायला घरच्यांनी मुंबई उच्च न्यायालयात रिट करून पालकत्व मिळवल्याची उदाहरणं आहेत. पण जो हिंडतो-फिरतो, त्याच्या घरच्यांनी कुठे जायचं? वहिनी म्हणते, वेडा ठरवून मला त्यांचं पालक व्हायचं नाही. तिचं बरोबर आहे, आणि जामिनाचे हप्तेही आता तिच्याच दाराशी येणार आहेत.

विधी स्वयंसेवकाचा अर्ज मी भरला आहे. वय आड येत नसेल, तर रोह्याच्या रुग्णालयात रोज सकाळी चार तास बसायची माझी तयारी आहे. खुर्ची घरून आणीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रोहा

ता. क. हे पत्र भावाला वाचून दाखवलं आणि छापायला देऊ का, असं विचारलं. तो ‘हो’ म्हणाला. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. ‘कसलं पत्र?’ म्हणाला. परत सगळं वाचलं. तेव्हाही ‘हो’ म्हणाला, फक्त ताट भिरकावल्याचं काढून टाक म्हणाला. तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी वाचलं, तेव्हा म्हणाला, राहू दे ते, खरं आहे. तिन्ही वेळची उत्तरं तारीख-वार घालून वहीत लिहून ठेवली आहेत. खाली त्याची सही घेतलेली नाही.